गजाभावजींनी पुन्हा सुई काढली

आमचे गजाभावजी माणसं चेहऱ्याने लक्षात ठेवत नाहीत. कुठे सुई टोचली त्यावरून ठेवतात. परवा बाजारात बँकेचे मोठे साहेब भेटले. भावजी माझ्या कानाशी म्हणाले, "वैनी, हा डावा दंड. टेबलाखाली जाऊन बसला होता, चौघांनी ओढून काढला." साहेबांनी नमस्कार केला खरा, पण एकाच हाताने. दुसरा दंडावर होता.

भावजी आमचे दगडी गडग्यापलीकडचे शेजारी. लग्न केलं नाही. बत्तीस वर्षं एकाच डॉक्टरांकडे कंपाउंडर. सुई उचलली की ठरलेलं वाक्य: "काही नाही हां, मुंगी चावेल." निम्म्या रत्नागिरीला मुंग्यांची धास्ती आहे ती यामुळेच. मी तरी कुठली शूर! मला दर महिन्याला बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन सांगितलंय, ते भावजीच देतात. नेमकं त्याच दिवशी मला बाहेर काम निघतं. गेल्या खेपेला तर चिपळूणला नणंदेकडे पळाले. ती घरात नव्हती, कुलपासमोर दोन तास बसले, पण सुई चुकवली.

डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे गेले, तेव्हा त्यांनी भावजींना माशांची काचेची टाकी दिली, रिकामी. पोरांनी मासे बघावेत आणि रडू नये म्हणून ती दवाखान्यात ठेवलेली. मासे बघत बघत पोरं रडायचीच, ते सोडा. भावजींनी टाकी घरी आणली आणि म्हणाले, "रत्नागिरीत राहून माशाला नळाचं पाणी? लाज वाटायला हवी." झालं! स्कूटरवर कॅन बांधून भाट्याच्या किनाऱ्यावरून समुद्राचं पाणी आणायला लागले. ओहोटीला गुडघाभर पाण्यात उतरून खडकाचा एक तुकडा उचलून आणला. त्या खडकाच्या भोकात बोटाएवढा, काळपट, बटाट्यासारख्या तोंडाचा एक मासा निघाला. त्याचं नाव गुंड्या ठेवलं.

काही दिवसांनी खडकावर तपकिरी, झिरमिळ्या झिरमिळ्यांची इवलीशी फुलं उमलली. मी आपली हरखले. "अगो बाई, फुलं आली की हो!"

"वैनी, फुलं कसली? समुद्रफुलं ती. प्राणी आहेत. डंख मारतात."

मग भावजींनी कंपाउंडरी डोकं चालवलं. चामखीळ काढावी तशी ती फुलं ब्लेडने खरवडून काढली आणि वर नारळाच्या सोडणाने खडक घासला. मोठ्या समाधानाने चहा प्यायले. पंधरा दिवसांत चाराची चाळीस! तुकडा पडेल तिथे नवं फूल. काचेवर, पंपाच्या नळीवर, सगळीकडे.

"बत्तीस वर्षांत माझ्या हातून रोग वाढला नव्हता हो," भावजी कपाळाला हात लावून म्हणाले.

त्यात गुंड्याची पंचाईत झाली. त्याच्या भोकाच्या तोंडाशीच फुलांचं कडं झालेलं. बाहेर यायला गेला की डंख. एकदा अंगावर पांढरा चट्टा घेऊन आत गेला तो पुन्हा आलाच नाही. कोळंबीचा तुकडा टाकला तर तोही फुलंच खायची. चार दिवस गुंड्या उपाशी आणि भावजीही जवळजवळ तसेच. मी आमटी नेऊन दिली ती तशीच परत.

पाचव्या दिवशी सकाळी गडग्यावरून हाक. "वैनी, तुमचा पानाचा डबा द्या."

"भावजी, तुम्ही आणि पान?"

"पान तुम्हालाच राहू दे. चुना हवाय. कुठंसं वाचलंय मी. कापायचं नाही, टोचायचं!"

मी डबा घेऊन मागोमाग गेलेच. भावजींनी पांढराशुभ्र शर्ट घातलेला, दवाखान्यातला. चुना पाण्यात कालवून सिरिंजमध्ये भरला. पाणी हलू नये म्हणून पंप बंद केला. मग बारीक सुई हळूच, अगदी हळूच पाण्यात सोडली. जरा धक्का लागला तर फूल मिटतं आणि सगळी मेहनत वाया. फुलाच्या तोंडाशी सुई नेली आणि सवयीने म्हणाले, "काही नाही हां, मुंगी चावेल."

मला हसू आवरेना. पण फूल आक्रसलं ते पुन्हा उघडलंच नाही!

एकदम फार चुना पाण्याला सोसत नाही, म्हणून रोज चार-पाचच. भोकाच्या तोंडाशी असलेली आधी. आळीतली माणसं बघायला यायला लागली. बँकेचे साहेबसुद्धा आले, दार धरून लांब उभे राहिले. रोज मेलेल्या फुलांचा आकडा भावजी गडग्यावरून ओरडून सांगायचे, जसा काही क्रिकेटचा स्कोअर.

तिसऱ्या दिवशी भोकाचं तोंड मोकळं झालं. आम्ही दोघं काचेला नाक लावून बसलो. बराच वेळ काही नाही. मग दोन डोळे दिसले. मग ते बटाट्याचं तोंड. आणि गुंड्या सुळकन बाहेर! चट्टा होता अंगावर, पण कोळंबीचा तुकडा असा ओढलान म्हणता! मी तर टाळ्याच वाजवल्या. "जिंकलात, भावजी!"

भावजींनी काचेला बोट लावलं. गुंड्या थेट बोटासमोर येऊन थांबला.

"वैनी," ते काचेकडेच बघत म्हणाले, "सगळा जन्म मला बघून पोरं आईच्या पदरात शिरली. मोठी माणसं मान फिरवायची. मी दिसलो की जवळ येतो असा हा एकटाच."

मला चिपळूणचं कुलूप आठवलं.

माझं इंजेक्शन पुढच्या सोमवारी होतं. सकाळी आठलाच मी गडगा ओलांडला, भावजींच्या पायरीवर बसले आणि दंड पुढे केला. भावजी बघतच राहिले.

"आज काही काम नाही निघालं?"

"नाही."

त्यांनी कापूस लावला, सुई उचलली. मी दर वेळी तोंड फिरवते. या वेळी नाही फिरवलं. त्यांच्याकडेच बघत राहिले.

"काही नाही हां, वैनी. मुंगी..."

"चावू दे हो," मी म्हटलं. "आणि झालं की चहा टाका. मी बसणार आहे."