पंचबाईंचे न घसरणारे बूट

पंचबाई घसरल्या, हे एकवेळ चाललं असतं. पण घसरताना तोल सावरायला त्यांनी दोन्ही हात आडवे पसरले, आणि बेसबॉलमध्ये पंचाने हात आडवे पसरले की धावणारा खेळाडू ‘सेफ’ असतो. तो बिचारा बेसच्या चांगला अलीकडेच बाद झाला होता, मान खाली घालून बाहेर निघालाही होता. पंचबाईंचे हात बघून नाचत परत आला. त्या ओल्या गवतात पडल्यापडल्या “आउट! आउट!” ओरडत राहिल्या, पण झोपलेल्या पंचाचं ऐकतो कोण?

दुसऱ्या दिवशी संघटनेच्या अध्यक्षांचा फोन आला. “मॅडम, फायनल तुमच्याकडेच ठेवलीये. निर्णय तुमचे चोख असतात, फक्त ते उभं राहून द्या. पुन्हा असं झालं, तर मला तुम्हाला गुणफलकावर बसवावं लागेल.”

हे ऐकून पंचबाईंपेक्षा त्यांच्या सासूबाईंचाच चेहरा उतरला. सून पंच आहे हे त्या भाजीवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगून बसल्या होत्या. डॉक्टरांना तर तोंडात कापूस असताना सांगितलं होतं.

“बूट मी निवडणार,” त्या म्हणाल्या.

“आई, तुला त्यातलं काय कळतं?” मुलाने विचारलं.

“घसरणं कळतं. तुझे बाबा बाथरूम धुतात, तेव्हा कोण पडतं?”

दुकानदाराने एक काळी जोडी काढून तळवे वर करून दाखवले. “हे बघा काकू, मऊ रबराच्या बारीक खुंट्या. गवत असो, माती असो, पाय सुटणार नाही. गॅरंटी!”

“बघू तुझी गॅरंटी.” सुनेने बूट घातल्याबरोबर सासूबाईंनी पर्समधून साबणाच्या पाण्याची बाटली काढली आणि चकचकीत फरशीवर ओतली. “हं, उभी राहा गं यात.”

“अहो काकू, काय करताय!” म्हणत दुकानदार धावत आला आणि थेट सुनेच्या पायाशी आडवा झाला. पडताना त्याने आधाराला धरलेलं लहान मुलांच्या सँडलचं स्टँडही सोबत आलं. त्याला उचलायला नोकर धावला, तो त्याच्यावरच बसला. एका बुटात पाय घालून बसलेल्या गिऱ्हाइकाने निमूटपणे दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. या सगळ्या पसाऱ्याच्या मधोमध सून मात्र खांबासारखी उभी होती.

“हेच द्या,” सासूबाई समाधानाने म्हणाल्या.

“खोका हवाय,” दुकानदाराने खालूनच विचारलं, “की घालूनच जाताय?”

फायनलला सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या. शेजारणीलाही ओढून आणलं होतं. पंचबाई तिसऱ्या बेसवर होत्या, आणि माळ्याने नेमका तिथेच पाण्याचा पाइप तासभर विसरून ठेवला होता. माती नुसती कणकेसारखी झाली होती.

पण पंचबाई धावल्या, वळल्या, थांबल्या. एकदाही घसरल्या नाहीत. “बूट मी घेतलेत,” सासूबाई दर वेळी शेजारणीला सांगत होत्या.

शेवटच्या डावात घरचा संघ एका धावेने मागे, आणि आणखी एक जण बाद झाला की खेळ खलास. त्यांचा खेळाडू तिसऱ्या बेसकडे सुसाट निघाला, चेंडूही आला, चिखल उडाला. पंचबाई धावत जाऊन अगदी जवळ पाय रोवून उभ्या राहिल्या. मूठ वर गेली. “आउट!” सामना संपला.

घरच्या संघाचा सहा फुटी कॅप्टन तरातरा चालून आला. “मॅडम, डोळे आहेत का? सेफ होता तो!”

“आउट.”

“अहो, सगळ्या मैदानाने बघितलं!” तो एक पाऊल पुढे. आणखी एक. आता त्याची हनुवटी त्यांच्या टोपीला टेकायची बाकी होती.

घरात दूधवाल्याने आवाज चढवला तरी दोन पावलं मागे सरणारी ही बाई इथे मात्र तसूभरही हटेना. पापणीसुद्धा न हलवता ती त्याच्याकडे बघत राहिली. शेवटी कॅप्टनच चुळबुळला, नजर खाली गेली, आणि “बरं, असेल आउट,” असं पुटपुटत तो वळला. टाळ्यांचा नुसता कडकडाट! अध्यक्ष उठून उभे राहिले. “याला म्हणतात पंच! पुढच्या वर्षीची फायनलही यांचीच!”

शेजारणीने डोळे पुसले. “काय धीराची हो तुमची सून!”

सासूबाई छाती फुगवून मैदानात उतरल्या. खेळाडू पांगले होते, अध्यक्षांनी लांबून हात पुढे केला होता, फोटोवाले जमत होते. सून मात्र जागच्या जागी.

“अगं चल की! अध्यक्ष बोलावतायत.”

“आई,” सून ओठ न हलवता म्हणाली, “कधीची प्रयत्न करतेय. तो अंगावर आला तेव्हा पळायचंच होतं मला. पायच निघत नाहीयेत.”

सासूबाईंनी खाली बघितलं. बूट घोट्यापर्यंत चिखलात गच्च बसले होते. त्यांनी मागे वळून फोटोवाल्यांकडे एकदा बघितलं, सुनेची टोपी सरळ केली आणि तिच्या कानाशी लागल्या.

“मग राहा तश्शीच. अध्यक्षांनाच इकडे बोलावते.”