विल्फ टेलफरची टोपली

भेटवस्तूच्या प्रश्नात ब्रायनी हॅकवर्थचा हात धरणारं अख्ख्या वर्गात कोणी नव्हतं. हे तिचं स्वतःचंच मत होतं, पण ती ते इतक्या ठासून सांगायची की बाकीच्यांनीही मुकाट्याने मान्य करून टाकलं होतं.

डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला त्यांची एक विचित्र परीक्षा असायची. तिच्यात ना हाडं विचारत, ना औषधं. शहाणपण विचारत! एक प्रसंग द्यायचा, खाली पाच पर्याय, आणि ते सगळ्यात योग्य ते सगळ्यात अयोग्य असे क्रमाने लावायचे. पहिली नोकरी कुठल्या गावात मिळणार, हे बरंचसं यावर ठरायचं. त्यामुळे भलेभले शहाणे वेडे व्हायची पाळी आली होती.

"पेशंटने तुला भारी पेन दिलं," नूडल्स ओढता ओढता फेमी विचारायचा. फेमी तिच्याच घरात राहायचा आणि तीच परीक्षा देणार होता.

"आभार मानायचे, नम्रपणे नाकारायचं, कारण समजावून सांगायचं. तरी ऐकलं नाही तर वरिष्ठांना विचारायचं. खिशात घालून गप्प बसणं सगळ्यात शेवटी!"

"अगं, तुला माणसं दिसतात का, की नुसतं अ-ब-क-ड?"

"परीक्षा होईपर्यंत अ-ब-क-ड. माणसं नंतर बघू!"

तेव्हा तिची पाळी छातीच्या वॉर्डात होती. तिथे विल्फ टेलफर नावाचे एक म्हातारबाबा होते. उमेदीची सगळी वर्षं इंग्लंडातल्या डरहमच्या कोळशाच्या खाणीत घालवलेली. न्यूमोनियातून बरे झाले होते, पण पलंगावरून उठायचं नाव नव्हतं. व्यायाम करून घेणारी बाई यायची, हात जोडायची, जायची. सिस्टर अ‍ॅव्हरिलने धाक घालून पाहिला.

"मिस्टर टेलफर, घरी तुम्ही एकटे. संडासापर्यंत तरी चालून दाखवा. नाहीतर वृद्धाश्रमच बघावा लागेल."

"बघा," म्हातारबाबा म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे.

ब्रायनीवर मात्र त्यांची मर्जी होती. छाती तपासायला आली की पुन्हा पुन्हा तपासू द्यायचे. "ऐक पोरी, नीट ऐक. आत अजून खाण चालू आहे!"

त्या दिवशी भेटीच्या वेळी त्यांचा मेहुणा सिड आला. अंगात जाडजूड कोट, हातात टोपली, टोपलीवर फुटबॉल क्लबचा पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल. चोरासारखं इकडेतिकडे बघत त्याने टोपली पलंगावर ठेवली आणि "गाडी भलत्याच जागी लावलीय!" म्हणत उलट पावली पळाला.

तेवढ्यात ब्रायनी तिथे आली. विल्फचा चेहरा उजळला.

"बरी आलीस पोरी. जरा घे हिला."

नाताळ तोंडावर आलेला. केकच्या, बिस्किटांच्या टोपल्या वॉर्डात रोजच येत होत्या. ब्रायनीच्या डोक्यात घंटा वाजली. भेटवस्तू! तिने दोन्ही हात मागे बांधले.

"मिस्टर टेलफर, यामागच्या तुमच्या भावना मी समजू शकते…"

"कसल्या भावना?"

"…पण सेवा करणं हे माझं कर्तव्यच आहे. मला हे स्वीकारता येणार नाही."

"स्वीकारतेस कशाला? नुसती धर म्हणतोय! माझे हात थरथरतात गं."

हात थरथरतायत! किती भारावलेत बिचारे, ब्रायनीला वाटलं. म्हणजे पेशंटचा आग्रह चालूच आहे. पुढचा पर्याय: वरिष्ठांना विचारणे.

सिस्टर अ‍ॅव्हरिल हनुवटीखाली फोन दाबून कुणाशी तरी एका रिकाम्या पलंगावरून भांडत होत्या. "टोपली? मग त्यात विचारायचं काय? स्टाफरूममध्ये ने, सगळ्यांना वाटून टाक! माझा वाटा ठेव!"

ब्रायनी हसतमुखाने परतली. "सुटला प्रश्न! मी एकटीने घ्यायची नाही, आम्ही सगळे मिळून वाटून खाऊ."

"खाऊ?"

"प्रत्येकाला थोडी थोडी. सुरी आहे स्टाफरूममध्ये."

"सुरी!" विल्फ ओरडले आणि त्यांना अशी खोकल्याची उबळ आली की पुढचा शब्दच फुटेना. ते नुसतेच हात हलवत राहिले. ब्रायनीने त्यांना पाणी पाजलं, पाठ चोळली. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं होतं. कृतज्ञता, दुसरं काय! त्यांच्या खांद्यावर हलकेच थोपटून ती टोपली घेऊन निघाली.

वाटेत आत काहीतरी घसरलं. केक नीट बांधलेला दिसत नाही, म्हणून तिने वॉर्डाच्या मधल्या टेबलावर टोपली टेकवली आणि टॉवेल सारून झाकण उघडलं.

फडफडफड! एक निळसर कबुतर तोफेच्या गोळ्यासारखं तिच्या कानाजवळून सुटलं!

मग काय विचारता! चहाची गाडी भिंतीवर जाऊन आदळली. एक नर्स "खिडक्या लावा!" म्हणून ओरडली, दुसरी "उघडा!" म्हणून. कोपऱ्यातल्या पलंगावरच्या आजोबांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून छातीवर क्रूस काढला, "आला! मला न्यायला आला!" सिस्टरच्या हनुवटीखालचा फोन निसटून लोंबकळू लागला. सफाईवाल्याने लांब दांड्याचा पोछा उचलला, त्याने कबुतर सोडून छतावरचा दिवा हलला. पाखरू भेदरून पडद्याच्या दांडीवर जाऊन बसलं.

"ठेव तो दांडा खाली!"

सगळे वळले. विल्फ टेलफर उभे होते! अनवाणी, मागून उघडा अंगरखा, एका हातात सलाइनचा स्टँड आणि दुसऱ्या हातात सकाळच्या न घेतलेल्या गोळ्यांची प्लॅस्टिकची वाटी. धापा टाकत, एकेक पाऊल सरकवत ते दांडीखाली आले. हात थरथरतच होता, त्यामुळे वाटी आपोआप खुळखुळत होती.

"ये मेबल. ये गं बाय माझी."

दाण्यांच्या डब्याचा आवाज ओळखावा तशी मेबलने मान वाकडी केली, आणि उतरून त्यांच्या खांद्यावर बसली.

 सिस्टर म्हणाल्या, "मिस्टर टेलफर… तुम्ही चाललात!"

"मग काय उडत येऊ?"

त्यांना खुर्चीत बसवलं. श्वास जागेवर आल्यावर ते ब्रायनीकडे वळले. "हिच्या पायाला काहीतरी झालंय. सिड धसमुसळा, माझे हात असे. म्हटलं, पोरगी डॉक्टर होणार आहे. तिने धरावं, आपण बघावं. आणि तू निघालीस सुरी आणायला!"

ब्रायनीचे कान लाललाल झाले. तिने मेबलला दोन्ही हातांत धरलं. मूठभर ऊब, आणि आत टकटक करणारं एवढंसं काळीज. पायाच्या बोटाला नायलॉनचा धागा करकचून गुंडाळला गेला होता. सिस्टरने तोंड फिरवून बारीक कात्री पुढे केली. ब्रायनीने धागा कापला, हलक्या हाताने सोडवला.

"तुम्ही चालत का नव्हता?" तिने हळूच विचारलं. एवढ्या दिवसांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

"संडासापर्यंत चाला म्हणता! संडास ही काय माणसाने जायची जागा आहे? आणि फिरून याच पलंगावर. मला वाटत होतं मेबल गेली, सिड लपवतोय. मग घरी जाऊन तरी कुणाचं तोंड बघायचं?" त्यांनी बोटाने पाखराची मान खाजवली. "म्हणून तिला आणायला लावली."

दुसऱ्या दिवसापासून सिड टोपली घेऊन खालच्या हिरवळीवर उभा राहू लागला, आणि विल्फ रोज खिडकीपर्यंत चालू लागले.

मोठे डॉक्टर चिझम यांनी ब्रायनीला खोलीत बोलावलं. वॉर्डात पाखरू सोडणं म्हणजे काय, ते भरपूर ऐकवलं. मग विचारलं, "त्या वेळी तुझ्यासमोर कुठले पर्याय होते?"

तिने धडाधड सांगितले, क्रमाने.

"आणि टॉवेल उचलून बघणं?"

"ते… पर्यायांत नव्हतं, सर."

डॉक्टर घाईघाईने खिडकीबाहेर बघू लागले. त्यांचे खांदे मात्र हलत होते.

परीक्षा झाली. "भेटवस्तू आली होती!" बाहेर पडताच फेमी म्हणाला. "तुझी चांदी!"

"कसली चांदी! आत काय आहे, तेच लिहिलं नव्हतं," ब्रायनी म्हणाली. "त्यातच माझा अर्धा वेळ गेला."

पुढच्याच आठवड्यात विल्फ घरी निघाले. नवी टोपी, दाढी केलेली, काठी टेकत स्वतःच्या पायांनी दारापर्यंत आले. सिस्टरपासून सफाईवाल्यापर्यंत सगळे निरोपाला जमले होते. विल्फ थांबले. त्यांनी कोटाच्या खिशातून एक घडी घातलेली कागदी पिशवी काढली आणि ब्रायनीच्या हातात ठेवली.

 पण आता ब्रायनी शिकली होती. तिने ना आभार मानले, ना नकार दिला. पिशवी तशीच धरून तिने त्यांच्या डोळ्यांत बघत विचारलं, "मिस्टर टेलफर, यात काय आहे? आणि कुणासाठी आहे?"

"केळ्याची सालं आहेत गं," विल्फ म्हणाले. "जाता जाता डब्यात टाक."