माळकरी गोलकीपर

माणूस पारखावा तर कीर्तनात, हे माझं तत्त्व. बाजारात माणूस फसवतो, कचेरीत तर फसवतोच. पण बुवांनी गजर धरला की आतला माणूस बाहेर येतो. झुलालला मी असाच पारखला. एरंडोलच्या सप्ताहात एका टाळकऱ्याच्या टाळाची दोरी तुटली आणि टाळ गोफणीतल्या धोंड्यासारखा बुवांच्या फेट्याकडे निघाला. झुलालने उसळी मारून तो एका हाताने झेलला आणि तोंडातलं नाम न तोडता परत जागेवर बसला. मी तिथंच ठरवलं, आमच्या जळगावच्या फुटबॉल क्लबाचा नवा गोलकीपर हाच.

क्लबाचे अध्यक्ष रिखबचंद शेठ. त्यांनी झुलालला आपल्या कापडदुकानात कामाला ठेवलं आणि क्लबाच्या कागदावर त्याची सही घेतली. झालं! त्या दिवसापासून उखर्डूच्या सायकल दुकानासमोर खल सुरू. हा उखर्डू ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतो, तसेच माणसांतही शोधतो.

"नाना, हाऊ पिंपळनेरना. म्हणजे धुळाकडला. आन् फायनल कोनासंगे शे? धुळासंगे. धुळावालास्नी त्याले सोडा कसाले?"

"सोडला नाही रे बाबा. त्यांनी त्याला कधी घेतलाच नव्हता."

"तेच तं. इतला चांगला शे तं घिदा का नही?"

मी हवा न भरताच सायकल घेऊन निघालो.

सामन्याच्या दोन दिवस आधी त्याच खलातले जीवराम मास्तर धापा टाकत आले.

"तुमचा झुलाल एस.टी. स्टँडवर धुळ्याच्या कप्तानाच्या पाया पडत होता. आणि कप्तान त्याच्या!"

"तोतारामच्या ना? अहो, दोघेही माळकरी. माळकरी भेटले की एकमेकांच्या पाया पडतात. मीसुद्धा पडतो."

"पडा हो. पण वाकल्यावर काय देणंघेणं झालं, ते वरून कुणाला दिसणार?"

मी चिडलो. "झुलालने दगा दिला, तर वर्षभर कीर्तनाला जाणार नाही!"

बोलून गेलो आणि मग आठवलं. पुढच्याच महिन्यात एदलाबादला मुक्ताईच्या दारी सप्ताह होता.

तेव्हापासून संशय मलाच चावू लागला. झुलाल हसला तरी संशय, नाही हसला तर जास्तच. एकदा केळं खाऊन त्यानं साल पश्चिमेला फेकली. धुळे पश्चिमेलाच आहे.

सामन्याला मी आमच्या गोलच्या खांबाला खेटून, रेषेबाहेर उभा राहिलो, पहाऱ्यावर. ढाल गेल्या वर्षी धुळ्याने जिंकलेली. बरोबरी झाली तर ती त्यांच्याकडेच राहायची. आमचा एक गोल झालेला, त्यांचा एकही नाही. शेवटचं मिनिट. तोतारामने जीव खाऊन चेंडू हाणला. झुलाल हवेत ताणला गेला आणि चेंडू कवटाळून माझ्या पुढ्यातच येऊन पडला.

माझे डोळे भरून आले. अशा माणसावर मी पहारा ठेवला? तो उठून उभा राहतो न राहतो, तोच मी रेषेबाहेरूनच वाकून त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

"माउली, क्षमा करा."

झुलाल पडला माळकरी. पाया पडणाऱ्याच्या पाया पडल्याशिवाय त्याला चैन पडायची नाही. त्यानं चेंडू हळूच जमिनीवर ठेवला, हात जोडले आणि तो वाकला.

तोतारामने चेंडू अलगद आत ढकलला.

मी पंचांशी पुष्कळ भांडलो. ते म्हणाले, "शिट्टी झाली नव्हती. आणि तुम्ही रेषेबाहेर होता नाना, म्हणजे खेळात अडथळा नाही."

ढाल पुन्हा धुळ्याला गेली. संध्याकाळी पुन्हा खल बसला, पण झुलालचं नाव कुणी काढलं नाही. उखर्डू पाण्यातल्या ट्यूबकडे बघत म्हणाला, "नाना, खरं सांगा. धुळावालास्नी तुमले काय दिधं?"

दगा झुलालने दिला नव्हता, तेव्हा माझी शपथ काही मोडली नाही. मी एदलाबादला गेलो. कीर्तनाआधी मंडपात तोताराम भेटला आणि चटकन माझ्या पाया पडला.

मीही वाकलो. पण आधी मागे वळून पाहिलं, जळगावचं कुणी बघत नाही ना.