गुडघ्यांची साथ

फुगडीची तिसरी गिरकी रंगात आली होती, आणि अलकनंदाबाईंनी चंद्रप्रभाबाईंचे हात सोडून खुर्ची गाठली.

"काय गं, दमलीस?"

"गुडघा!"

गुडघा बिचारा निरपराध होता. उडी मारली, शिंक आली, खळखळून हसू आलं की लघवीचे चार थेंब निसटत. पण नोएडातल्या त्या दिवाणखान्यात, मंगळागौरीच्या तालमीला जमलेल्या सहा जणींसमोर हे बोलायचं कसं? आणि बोललं नाही, तर तीस श्रावण गाजवलेली फुगडी सुटणार!

चहाचा ट्रे घेऊन आलेल्या त्यांच्या यजमानांनी, श्रीरंगरावांनी, 'गुडघा' एवढंच ऐकलं. मंत्रालयातून निवृत्त झाल्यापासून त्यांच्यापुढे एकही फाइल आली नव्हती.

"अच्छा, गुडघा! बघतोच."

संध्याकाळी मलम आलं, सकाळी पट्टा आला. तिसऱ्या दिवशी करोल बागेतल्या वैद्याचं तेल आलं आणि श्रीरंगराव स्वतः चोळायला बसले. चोळताना गुदगुल्या होत, गुदगुल्यांनी हसू येई, आणि हसलं की पुन्हा तेच!

पुढच्या तालमीला वासंतीनेही खुर्ची ओढली. "माझाही गुडघा गं." मग लता, मग वीणा. साथच आली. श्रीरंगरावांनी सगळ्यांना एकेक बाटली वाटली.

"सगळ्या बसल्या तर फुगडी काय खुर्च्या घालणार?" चंद्रप्रभाबाई कडाडल्या.

शेवटी श्रीरंगरावांनी बायकोला हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं आणि स्वतः बाहेर बसले. एक्स-रे पाहून बाई म्हणाल्या, "आंटीजी, घुटने तो एकदम ठीक हैं. फिर दिक्कत क्या है?"

अलकनंदाबाईंनी दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "बहुत औरतों को होता है. शरमाना क्या? इलाज है." त्यांनी शेजारच्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं.

"काय म्हणाल्या?" बाहेर श्रीरंगरावांनी विचारलं.

"व्यायाम सांगितलाय."

"आणि तेल?"

"…चालू ठेवा म्हणाल्या."

पुढच्या तालमीला चंद्रप्रभाबाई सोडून सगळ्या खुर्च्यांवर! अलकनंदाबाई उठल्या. "बायांनो, माझा गुडघा खोटा आहे," म्हणाल्या, आणि जे होतं ते सांगितलं. "खालचे स्नायू सैल पडतात. बटव्याची दोरी ओढावी तसे आत ओढायचे, श्वास नाही कोंडायचा. दिवसातून तीनदा, दहा-दहा वेळा. तीन महिन्यांत फरक पडतो. श्रावणाला चार आहेत." आणि झिम्म्याच्या चालीवर गायल्या:

"बटव्याचं तोंड बाई ओढून धरावं,
पाच अंक मोजून हळू सैल करावं!"

कोणी कोणाकडे पाहीना. मग चंद्रप्रभाबाईंनी हळूच खुर्ची ओढली.

"पाचच मोजायचे ना? मी… फुगडीआधी दिवसभर पाणीच पीत नाही गं."

"अगं, तूसुद्धा?" वासंती किंचाळली, आणि अशी काही हसली की हसू खुर्चीखुर्चीतून फिरलं. पोट धरून हसता हसता सातही जणी एकदम गप्प झाल्या. एकमेकींकडे पाहिलं. आणि पदर खोचून धूम ठोकली ती थेट बाथरूमकडे!

दारात ट्रे घेऊन श्रीरंगराव भिंतीला चिकटले. सात दुखरे गुडघे त्यांच्यासमोरून वाऱ्यासारखे गेले.

"बिल्कुल खरा निघाला वैद्य!" ते पुटपुटले, आणि तेलाच्या आणखी सात बाटल्या सांगायला फोनकडे वळले.