मोठेबाबांच्या पाच चकरा

कामरगावच्या स्टँडवरच्या हॉटेलात पुन्हा पाय ठेवणार नाही, अशी शपथ आमच्या मोठेबाबांनी खाल्ली, त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून ते रोज सकाळी त्याच हॉटेलातला चहा पितात. रस्त्यावर उभे राहतात, खिडकीतून हात आत घालतात आणि कप घेतात. कोणी हसलं की म्हणतात, "पाय बाहीर हाय ना? मंग झालं. जबान म्हंजे जबान."

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, दौलतराव. वय बासष्ट, शिक्षण चौथी, शेती सात एकर. आमच्या खानदानात बीए पास झालेला मी पहिला, आणि हे सांगायला मी कुठंही लाजत नाही. पण वकिलाचं डोकं म्हणाल तर ते मोठेबाबांचं. शपथ घ्यायला त्यांना अर्धं मिनिट लागतं, आणि ती न मोडता तिच्यातून वाट काढायला फार तर आठवडा. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात त्यांनी शेजारच्या श्रीरामशी बोलणं टाकलं. आता श्रीरामचा पंप चालू राहिला की ते त्याच्या म्हशीजवळ जातात आणि खणखणीत आवाजात सांगतात, "सांग तुह्या मालकाले, पाणी रस्त्यावर चाल्लं म्हणा." श्रीराम तिथंच गोठ्यात उभा असतो. तोही म्हशीलाच उत्तर देतो.

एक शपथ मात्र त्यांना भारी पडली. सात वर्षांपूर्वी आमच्या आत्याबाईच्या, म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीच्या, मुलीचं नागपूरला लग्न होतं. सगळ्या सोयऱ्यांना टॉवेल-टोपी देत देत मंडळी मोठेबाबांपर्यंत आली आणि टोप्या संपल्या. नवरीचा सख्खा मामा, आणि नुसता टॉवेल! मोठेबाबा मांडवातच उभे राहिले. "तुह्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही, अन् तुह्यासाठी नागपूरले येणार नाही!" आत्याबाई तरी कोणाची बहीण? ती म्हणाली, "टोपीपायी बहीण सोडतं? मंग मीबी तुह्यं तोंड पाहणार नाही!"

सात वर्षं दोघांनी जबान पाळली. आत्याबाईचे गुडघे गेले, दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरणं बंद झालं. मोठेबाबा मला अधूनमधून विचारत, "नागपूरकडं पाऊसपाणी कसं हाय?" मी म्हणायचो, "आत्याबाई बरी आहे." ते म्हणायचे, "म्या पावसाचं इचारलं."

एका रविवारी मी मोबाइलवर आमच्या कॉलेजच्या स्पोर्टच्या सरांनी पाठवलेली जाहिरात पाहत होतो. नागपुरात भर शहरात ट्रायथलॉन: आधी तलावात पोहायचं, मग सायकल, मग पळायचं. मोठेबाबा मागून डोकावले. "बीए, हा नकाशा मोठा कर." मी केला. सायकलच्या तीन चकरा महाल भागातल्या एका रस्त्यावरून होत्या. त्यांनी नखानं एक जागा दाबली. "इथं औषधाचं दुकान हाय ना? त्याच्या वर कोण राह्यते?"

वर आत्याबाई राहत होती.

"लिव माह्यं नाव."

"मोठेबाबा, शपथ?"

"म्या शर्यतीसाठी चाल्लो. रस्ता त्याहीनं ठरवला, म्या नाही."

फॉर्ममध्ये पोहण्याचा अनुभव विचारला होता. त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं: विहीर, पन्नास वर्षं. सरांनी त्यांचं जुनं हेल्मेट आणि काळा चष्मा दिला. सायकल घरचीच, काळी, मागं कॅरिअर, ज्यावर एरवी गुरांच्या ढेपेचं पोतं असतं. शर्यतीच्या आदल्या दिवशी मी आत्याबाईला फोन केला. ती म्हणाली, "येऊ दे नाही त जाऊ दे. मी त्याचं तोंड पाहणार नाही म्हंजे नाही."

मी हे मोठेबाबांना सांगितलं. ते कॅरिअर पुसत होते. अजून जोरात पुसायला लागले.

सकाळी तलावावर त्यांच्या दंडावर नंबर लिहिला आणि घोट्याला वेळ मोजायचा पट्टा बांधला. "ढोराच्या कानात बिल्ला मारते तसा मारला रे," म्हणत त्यांनी तलावाला नमस्कार केला आणि पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर उडी घेतली. पोहायला एकदम जोरदार. पण विहिरीत शिकलेला माणूस सरळ पोहत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. बाकीचे समोरच्या काठाकडे निघाले आणि मोठेबाबा पाण्यावर खुणेसाठी सोडलेल्या पहिल्या फुग्याभोवती गोल गोल फिरायला लागले. होडीतला पोरगा ओरडला, "काका, पुढे जा!"

"पुढं भिंत कुठं हाय?"

शेवटी होडी पुढं आणि मोठेबाबा मागं, असे ते सगळ्यात शेवटी बाहेर आले.

मी धावतपळत औषधाच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिलो. वर गॅलरीचं दार बंद. लांबून घंटी वाजायला लागली. कोपऱ्यापासून दुकानापर्यंत मोठेबाबांचा अंगठा घंटीवरून निघाला नाही. दार बंदच. ते गेले.

दुसऱ्या चकरेला तर दूधवाले, पेपरवाले सगळे बाहेर आले. दार बंद. माझ्याजवळून जाताना ते वर न पाहता म्हणाले, "घरी हाय ना पण?"

"आहे!"

तिसरी चक्कर शेवटची. घंटी ऐकू आली आणि दार उघडलं. आत्याबाई ओलं लुगडं घेऊन बाहेर आली आणि रस्त्याकडे पाठ करून ते वाळत घालायला लागली. मोठेबाबा खालून गेले, कोपऱ्यावर पोहोचले, तेव्हा ती वळली.

"बाबू, कोण होय रे तो सायकलवाला? टोप अन् काया चष्मा. तोंड त दिसूनच नाही राह्यलं."

मीही याच घरातला. म्हणालो, "असेल कोणी शर्यतीतला, आत्याबाई. आपल्या काय ओळखीचा!"

"मंग पाहाले हरकत नाही," असं म्हणून तिनं आतून खुर्ची आणली.

पण चकरा तर संपल्या होत्या! कोपऱ्यावरचा पोरगा झेंडी दाखवून मोठेबाबांना पळायच्या जागेकडे वळवत होता. मी ओरडलो, "मोठेबाबा, खुर्ची टाकली!" त्यांनी झेंडी पाहिली, पोराला हात जोडले आणि सरळ चौथ्या चकरेला लागले.

चौथ्या वेळी घंटी वाजलीच नाही. सायकल इतकी हळू आली, की एक कुत्रं तिच्या पुढं निघून गेलं. आत्याबाई कठड्यावर वाकली आणि मला म्हणाली, "सांग त्या सायकलवाल्याले, चेन ढिली हाय."

मोठेबाबा मला म्हणाले, "सांग त्या बाईले, कठड्यावर रेलू नोको म्हणा."

"सांग त्याले, हाडं दिसून राह्यले. जेवत नाही काय?"

"सांग, जेवतो. तिच्या हातचं नाही, पण जेवतो."

 सायकल पुढं गेली.

पाचव्या चकरेपर्यंत रस्ता गाड्यांना मोकळा झाला होता. गॅलरीखाली त्यांनी एक पाय जमिनीला टेकवला आणि नुसते वर पाहत राहिले. ती खाली पाहत राहिली. मागून स्कूटरवर एक कार्यकर्ता आला. "काका, तुमचं सायकलिंग केव्हाच संपलं. पळायचं राहिलंय. असं केलं तर तुम्ही बाद!"

मोठेबाबांनी मान वळवली नाही. "ज्याले घाई हाय त्याले पयू द्या."

ते बाद झाले.

दुपारच्या एसटीत सायकल टपावर आणि आम्ही आत. कोंढाळीचा स्टँड गेला आणि मोठेबाबांनी खिडकीची काच सरकवली. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "केस पार पांढरे झाले रे तिचे."

"वय झालं आता आत्याबाईचं."

"तिचं कायचं वय? माह्यापेक्षा नऊ वर्षानं ल्हान हाय थे."

गाडीनं दोन थांबे मागं टाकले.

"बीए, हे शर्यत परत कधी असते?"

"वर्षातून एकदा, मोठेबाबा."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, आणि मोजता मोजता मूठ मिटली.

"सालभर लय होते रे," ते म्हणाले.