पांढऱ्या गाडीने कशेळीकरांची जागा दाबली त्याची हकीकत

श्रीगजाननास नमन, क्षेत्रपाळास नमन, आणि जिच्या सहीवाचून या राज्यात नळाचा वायसरही बदलत नाही त्या समितीस दुरूनच नमन. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, आश्विन शुद्ध प्रतिपदा, घटस्थापनेचा दिवस. ते दिवसापासून एका सात मजली राज्यात जे वर्तमान घडले ते आम्ही डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकिले, आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात ऐसे गॅलरीत उभे राहून ध्यानी धरिले, तेच येथे लिहितो. आमचे नाव विचारू नये. आम्हांस याच राज्यात राहावयाचे आहे.

राज्य म्हणाल तर अठ्ठावीस घरे, एक लिफ्ट, एक दरवाजा आणि बावीस गाड्यांच्या जागा. लिफ्टकडे जाण्याच्या वाटा दोन. एक पुढून, सहा पायऱ्यांची, आणि दुसरी मागून, रॅम्पची, आणि तो रॅम्प सुरू होतो तो चार क्रमांकाच्या जागेतूनच. बांधणाऱ्याने ऐसे का बांधिले ते तोच जाणे. ही चार क्रमांकाची जागा दिनकरराव कशेळीकरांची. दिनकरराव भूमापन खात्यात मोजणीदार होते, उभी हयात लोकांच्या हद्दी मोजून दिल्या, आणि स्वतःच्या वाट्यास जे आठ बाय सोळा फूट आले त्याच्या कडा दर वर्षी गुढीपाडव्यास स्वहस्ते पिवळ्या रंगाने रंगवीत. तो मनुष्य सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी न्हाणीघरात घसरला आणि खुबा मोडला, मग इस्पितळात नेले, मग शस्त्रक्रिया जाहली, आणि दसऱ्यानंतरच्या सोमवारी घरी न्यावे ऐसे ठरले. डॉक्टरांनी बजाविले की वॉकर धरून सपाटीवर चालवा, पण सहा आठवडे एकही पायरी चढवू नका. म्हणजे घरात शिरावयाची वाट एकच उरली, ती रॅम्पची. दिनकररावांनी पत्नीस, शरयूबाईंस, सांगून ठेविले, "मला कुणी उचलून आत न्यायचं नाही. मी माझ्या पायांनी येणार." शरयूबाई अडुसष्ट वर्षांच्या, पण स्वतः गाडी हाकितात, आणि नवऱ्याने सांगितले ते करून दाखवितात.

तर प्रतिपदेच्या सायंकाळी शरयूबाई इस्पितळातून परतल्या आणि पाहतात तो चार क्रमांकाच्या जागेत एक लांबलचक पांढरी गाडी रॅम्पला पाठ लावून आणि तोंड दरवाजाकडे करून ऐटीत उभी. चौकीवर श्रीपती वॉचमन होता त्यास पुसिले की ही कोणाची. श्रीपती बोलिला की नाव ठाऊक नाही, पण त्यांनी हॉर्न फार जोरात वाजविला, म्हणून मी दांडा वर केला. यात त्या गरिबाचा दोष नाही. जो थांबून विचारतो तो परका आणि जो हॉर्न वाजवितो तो घरचा, हा आमच्या दरवाजाचा शिरस्ता पहिल्यापासूनच आहे. शरयूबाईंनी आपली गाडी रस्त्यावर कडुलिंबाखाली लाविली आणि तडक अध्यक्षांकडे गेल्या.

अध्यक्ष माधवपंत आगटे. स्वारी मोठी भारदस्त, आवाज त्याहून भारदस्त, आणि सेवानिवृत्त जाहल्यापासून कोणीतरी आपल्यास साहेब म्हणावे एवढीच अपेक्षा. त्यांनी शरयूबाईंस बसविले, पाणी दिले, अभय दिले, आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही निश्चिंत राहा. दिनकरराव यायच्या आत गाडी गेलेली असेल. माझा शब्द." मग समिती बोलाविली. समितीत सात जण, पैकी पाच आले, आणि चिटणीस हेमंतराव देवस्थळी यांनी सूचना लिहावयास घेतली. पहिल्याच ओळीस अडले. सूचनेच्या आरंभी 'कृपया' घालावे की न घालावे यावर चाळीस मिनिटे खल जाहला. एक पक्ष म्हणे, चोराला कसली कृपया. दुसरा म्हणे, आपण सुसंस्कृत माणसे आहोत. शेवटी कृपया घातले, सूचना छापिली, आणि लिफ्टशेजारच्या फळ्यावर टाचणी मारून लाविली. आता ज्या मनुष्याचे या राज्यात घर नाही, तो लिफ्टने कोठे जाणार आणि फळा कशास वाचणार, हे त्या पाचांपैकी एकाच्याही डोक्यात आले नाही. आमच्या आले होते. आम्ही बोललो नाही, कारण बोलले की समितीत घेतात.

तृतीयेस शरयूबाईंनीच सुचविले, मग एक प्रत गाडीच्या काचेवर वायपरखाली खोविली. दुसरे दिवशी गाड्या धुणारा नामदेव आला, आणि उभी आहे ती गाडी धुवावयाची हाच त्याचा धर्म, म्हणून त्याने पांढरी गाडी लख्ख धुतली, आणि सूचनेचा जाहला लगदा. ऐसे तीन वेळा घडले. गाडी दिवसेंदिवस अधिकच चकाकू लागली. मग एक तापट सभासद म्हणाले की चाकांतली हवा सोडा, आणि सगळ्यांस पटले, दोघे तर बाह्या सरसावून खाली उतरले, तो चिटणीसांनी पुसिले की हवा सोडल्यावर गाडी जाणार कशी. बाह्या खाली आल्या. मग अध्यक्ष स्वतः पोलीस चौकीवर गेले, तेथे त्यांस खुर्ची मिळाली, चहा मिळाला, आणि उत्तर मिळाले की गाडी रस्त्यावर असती तर काही केले असते, आवारातली बाब तुमची तुम्ही मिटवा. शरयूबाई रोज इस्पितळातून येऊन पुसत, भाऊजी, काय झालं. आणि अध्यक्ष रोज सांगत की विषय ऐरणीवर घेतला आहे.

पुढे दसरा उजाडला. या राज्याची चाल ऐसी की आवारातल्या समस्त गाड्यांची पूजा एकत्र करावयाची, झेंडूचे हार राज्याच्या खर्चाने आणावयाचे, गुरुजी मंत्र म्हणतील, अध्यक्षांनी प्रत्येक गाडीस हळदकुंकू लावावे, हार घालावा, चाकांखाली लिंबू ठेवावे, आणि श्रीपतीने नारळ फोडावा. दारात उभे असलेले एकही वाहन पूजेवाचून ठेवू नये, वर्ष वाईट जाते, ही समजूत पक्की. आणि माधवपंत एकदा सोवळे नेसून हातात तबक घेतले की मग काय सांगावे, रंगातच येतात. एक क्रमांक जाहला, दोन जाहला, तीन जाहला, आणि चारावर आले, आणि समोर लख्ख धुतलेली पांढरी गाडी पाहून स्वारीने अंमळ अधिकच ठसठशीत स्वस्तिक काढिले, सगळ्यांत मोठा हार घातला, आणि बॉनेटवर हात ठेवून फोटोस उभे राहिले. गुरुजींनी मंत्र म्हटला, स्त्रियांनी अक्षता टाकिल्या. फोटो त्याच क्षणी ग्रुपवर गेला आणि त्यास एकवीस जणांनी हात जोडिले. शरयूबाई तेव्हा इस्पितळात होत्या. त्यांनी तो तेथेच पाहिला आणि मोबाइल पालथा घातला, ऐसे त्यांनीच मागाहून आम्हांस सांगितले.

दुसरे दिवशी, रविवारी सकाळी, गाडीचा धनी प्रकटला. फडके घेऊन हळदकुंकू पुसावयास आला होता. श्रीपतीने शिट्टी मारिली, समिती धावली, घेराव पडला. गृहस्थ जराही डगमगले नाहीत. नाव उल्हासराव टेंभे, राहणार शेजारच्याच इमारतीत, आणि तेथील अध्यक्ष! पुसिले की मग आपली गाडी आपल्या दारी का नाही. तर म्हणाले की आमच्याकडे एका घरास एकच गाडी, हा नियम मीच केला, आणि ही माझी दुसरी. "नियम म्हणजे नियम, साहेब. मीच मोडला तर लोक काय शिकतील?" ऐसे बोलिले आणि खिशातून मोबाइल काढिला, आणि त्यावर आमच्या अध्यक्षांचा हात त्यांच्या बॉनेटवर, गळ्यात उपरणे, चेहऱ्यावर प्रसन्नता. फोटो त्यांस आमच्यापैकीच कोणीतरी पाठविला होता. म्हणाले, तुम्ही माझ्या गाडीची एवढी साग्रसंगीत पूजा केलीत, मला भरून आले, मी समजलो की तुम्ही तिला आपली मानिली. समितीस तोंडात मारिल्यासारखे जाहले. अध्यक्ष खाकरले. मग म्हणाले की एका घरास एक गाडी हा नियम फारच उत्तम, तो तुम्ही अंमलात कैसा आणिलात, जरा बसून सांगा, आणि त्यांस वर चहास नेले. खरे सांगतो, आम्हांस त्या क्षणी गॅलरीतून बादलीभर पाणी ओतावेसे वाटले.

शरयूबाई जिन्यात उभ्या राहिल्या आणि टेंभ्यांस हात जोडून बोलिल्या की उद्या यजमान घरी येतात, पायऱ्या चढता येत नाहीत, तेवढा रॅम्प मोकळा करा. टेंभे म्हणाले, "हो हो, बघतो." गेले, आणि पाहिले नाही.

सोमवारी अकराचे सुमारास शरयूबाई दिनकररावांस घेऊन दरवाजातून आत आल्या. पांढरी गाडी जागच्या जागी, स्वस्तिकासह. टेंभ्यांस फोन लाविले, एकदा, दोनदा, सात वेळा, घंटी वाजे पण उचलीत नसत. तोवर सारे राज्य खाली जमा जाहले, आणि जितकी तोंडे तितके सल्ले. कोणी म्हणे पायऱ्यांवर फळी टाका, कोणी म्हणे परत इस्पितळात न्या, आणि अध्यक्षांनी प्लॅस्टिकची खुर्ची मागविली आणि आज्ञा केली की चौघांनी उचलावे. चौघे पुढे आले, पैकी दोघांची कंबर धरलेली, एकास उशीर होत होता, आणि चौथा व्हिडिओ काढीत होता. दिनकरराव गाडीतून हळूहळू उतरले, वॉकर धरिला, आणि खुर्चीकडे न पाहता चार क्रमांकाच्या दिशेस चालू लागले. दहा पावले जाहली, पंधरा जाहली. कपाळावर घाम फुटला, वॉकरचे पाय थरथरू लागले. शरयूबाई शेजारून चालत होत्या, पण हात लाविला नाही. पंचविसाव्या पावलास पिवळी रेघ आली, ती ओलांडिली, आणि पुढे वाट नाही ऐसे पाहून दिनकरराव वळले आणि पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर टेकून बसले.

आणि अंगाचा सारा भार पडताच गाडी बोंबलू लागली. काय तो आवाज! कुत्री पळाली, कबुतरे उडाली, दोन्ही राज्यांतली माणसे खिडकीत आली. आणि बारा दिवस ज्यास सूचना पोचली नाही, चिठ्ठी पोचली नाही, जोडलेले हात पोचले नाहीत, ते टेंभे तीन मिनिटांत घरातल्या चपलांनिशी धावत आले आणि लांबूनच ओरडले की अहो काका, उठा, बॉनेट चेपेल. दिनकरराव उठले नाहीत. टेंभ्यांनी किल्लीने आवाज बंद केला तेव्हा सगळीकडे एकदम शांत जाहले, आणि दिनकरराव धापा टाकीत, पण स्वच्छ बोलिले, "मी माझ्या जागेत बसलोय. तुम्ही कुठं उभे आहात, ते बघा." टेंभ्यांनी खाली पाहिले. पायाखाली पिवळी रेघ होती. इकडेतिकडे पाहिले, अध्यक्षांकडे पाहिले, अध्यक्ष आकाशाकडे पाहत होते. मग टेंभे गाडीत बसले, दिनकरराव वॉकर धरून बाजूस जाहले, आणि गाडी निघून गेली, आणि श्रीपतीने तिच्यामागे दांडा जो खाली केला तो ऐसा की धाडकन आवाज जाहला. दिनकरराव रॅम्प चढले आणि घरी गेले. पण त्या श्रमाने पुढले तीन दिवस बिछान्यावरून हलता आले नाही. आम्ही मात्र टाळ्या वाजविल्या आणि जेवावयास गेलो. वर जाऊन चौकशी आम्हीही केली नाही, हे लिहिताना लाज वाटते.

कोजागिरीस समितीने मसाला दूध केले, आणि अनधिकृत वाहन समितीच्या अथक प्रयत्नांनी हटविले म्हणून अध्यक्षांस शाल आणि श्रीफळ दिले.

पुढे दिनकरराव बरे होऊ लागले, आणि शरयूबाई गाडी घेऊन बाजारास जात तेव्हा जागा पुन्हा कोणी दाबू नये म्हणून ते रॅम्पने उतरून आपल्या आठ बाय सोळा फुटांत लाकडी खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचीत बसत. पहिलेच दिवशी तासाभरात चिटणीस हेमंतराव स्वहस्ते सूचना घेऊन आले. तीत लिहिले होते की वाहनांची जागा केवळ वाहनांसाठी असून तेथे खुर्ची ठेवणे हा अनधिकृत वापर होय, सबब सदर खुर्ची चोवीस तासांत हटवावी, अन्यथा कारवाई करण्यात येईल. या वेळी 'कृपया' नव्हते. दिनकररावांनी चष्मा लावून ती सूचना पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत सावकाश वाचिली, मग तिची चौघडी घातली, मग वॉकर धरून उठले, आणि हेमंतरावांस म्हणाले, "जरा वाका. मला वाकायला मनाई आहे. हा पाय आखूड आहे, खुर्ची डुगडुगते." आणि हेमंतराव वाकले, आणि समितीची सूचना खुर्चीच्या पायाखाली सारिली, आणि दिनकरराव पुन्हा बसले.

एवंच, परकी गाडी बारा दिवस राहिली, घरच्या खुर्चीस एक तासही मिळाला नाही, आणि खुर्ची अद्याप तेथेच आहे. जैसे घडले तैसे लिहिले.