मान हलवणाऱ्या मॅडम

मुख्याध्यापिकाबाईंचे ओठ हलत होते, भुवया चढत होत्या, हात हवेत उडत होते. आवाजाचा मात्र पत्ता नव्हता.

लॅपटॉपसमोर बसलेली समुपदेशिका मान हलवत होती. दुसरं करणार काय? ती क्लिनिकल सोशल वर्कर होती. झोपायच्या खोलीचं दार लावून, सहा महिन्यांचं बाळ सासूबाईंच्या कडेवर सोपवून, एका संस्थेतर्फे ती लोकांना ऑनलाइन समुपदेशन देई. नोकरी अजून कच्ची होती आणि सकाळीच वरिष्ठ मॅडमनी फोनवर दम भरला होता.

"या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. घरात सून ऐकून घेत नाही म्हणून आपल्याकडे आल्या, तर आपल्या दोन समुपदेशकांनी 'आवाज तुटतोय, आवाज तुटतोय' करून त्यांनाच तोडलं. दोन्ही वेळा उठून गेल्या. तुम्ही मध्ये एक शब्द बोलायचा नाही. तिसऱ्यांदा उठल्या, तर तुम्हाला कायम करा म्हणून मी कुणाला सांगणार नाही."

आता अशा बाईंना 'तुमचा आवाज येत नाहीये' हे सांगायचं कुठल्या तोंडानं?

तिनं हेडफोन कानांवर घट्ट दाबले. कॅमेऱ्यावरची नजर न हलवता बोटांनी चाचपडत आवाजाचं बटण दाबलं. ते उजेडाचं निघालं. मुख्याध्यापिकाबाई अंधारात गडप झाल्या. घाईघाईनं उजेड परत आणला, तर बाई डोळे पुसत होत्या.

तिनं चेहरा गंभीर केला, मान सावकाश हलवली. चेहरा नीट गंभीर होतोय तोवर बाई खदखदून हसायला लागल्या. तिनंही हसू आणलं. तेवढ्यात बाईंनी तर्जनी रोखून कुणाला तरी सुनावलं. हसू आवरता आवरता तिच्या गालाला पेटका आला.

मग बाईंनी गाल फुगवले, डोळे मिचकावले, टाळ्या वाजवल्या आणि ओठांचा चंबू करून कॅमेऱ्याकडे बघत राहिल्या.

'बालपणात शिरल्या,' समुपदेशिकेनं ताडलं. शिकताना असलं वाचलं होतं. एवढ्या लवकर शिरतात हे मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं.

आणि मुख्याध्यापिकाबाई ताडकन उठल्या. खुर्ची रिकामी. गेली नोकरी! एक शब्द न बोलता गेली, म्हणजे बोलून गेली असती तरी तेवढंच झालं असतं.

पण बाई परतल्या, त्याही एका तरुणीला मनगटाला धरून. सूनच असणार. दोघींची जुंपली. मग दोघी एकदम गप्प झाल्या आणि शिक्षा झालेल्या मुलींसारख्या स्क्रीनकडे बघत ऐकू लागल्या. काय ऐकत होत्या, देव जाणे. समुपदेशिकेनं तर तोंड उघडलं नव्हतं. शेवटी सुनेनं सासूच्या खांद्यावर डोकं टेकलं, दोघींनी हात जोडले आणि स्क्रीन काळा झाला.

तिनं हेडफोन काढले, तोच फोन वाजला. वरिष्ठ मॅडम.

"अहो, काय जादू केलीत? बाई पुढची वेळ मागताहेत! फक्त म्हणतात, दोघी हव्यात. बोलणाऱ्या मॅडम आणि मान हलवणाऱ्या मॅडम. दुसऱ्या कोण?"

"दुसऱ्या?" फोन कानाला लावूनच तिनं दार उघडलं.

स्वयंपाकघरात सासूबाई बाळाला थोपटत होत्या. फळीवर बाळाचा मांजरीच्या तोंडाचा स्पीकर निळा दिवा मिचकावत होता. दुपारी अंगाईगीतं लावायला तिनंच तो लॅपटॉपला जोडला होता. माइकही त्यातच होता.

"गेल्या का गं त्या?" सासूबाईंनी विचारलं. "गोड बाई. बाळ रडलं, तर तिकडून किती छान खेळवलं!"

समुपदेशिकेनं स्पीकरकडे बोट दाखवलं. "आई, तुम्ही बोलत होतात?"

"मग काय करू? मांजर म्हणालं, 'ऐकताय ना?' मी म्हटलं, ऐकतेय. मला वाटलं, तुला जड जातंय म्हणून इकडे पाठवलंस."

"मॅडम," ती फोनमध्ये कशीबशी म्हणाली, "दुसऱ्या माझ्या सासूबाई."

पलीकडे शांतता. आवाज गेला की नोकरी गेली, कळेना.

"आधी तो स्पीकर बंद करा," अखेर मॅडम म्हणाल्या. "मग बाईंना फोन करून खरं काय ते सांगा, माफी मागा. त्यांनी माफ केलं तर पुढचं बघू. आणि झालं काय, ते मला सविस्तर कळवा." फोन ठेवता ठेवता मॅडम थबकल्या. "सासूबाईंचं शिक्षण काय झालंय हो?"

तिनं स्पीकर बंद केला. "आई, त्या काय काय बोलल्या?"

"ते मी सांगायची नाही. तूच म्हणतेस ना, खोलीतलं बाहेर जाता कामा नये? मग स्वयंपाकघरातलं बरं जाईल!"

"अहो, पण त्या माझ्या..."

"मध्ये तोडू नकोस."

"बरं, तुम्ही काय सांगितलंत, तेवढं तरी?"

सासूबाई बाळाचं टोपडं उगाच नीट करत राहिल्या. "म्हटलं, माझीही सून दिवसभर दार लावून साऱ्या जगाचं ऐकते. बाहेर येते तेव्हा तिचे कान दमलेले असतात. मला काही अजून तिचं दार वाजवणं जमलं नाही, तुम्ही तरी वाजवा. तर गेल्या आणि वाजवलं."

कुकरची शिट्टी झाली. मग समुपदेशिकेनं स्टूल ओढलं, बाळाला मांडीवर घेतलं आणि बसली.

"वाजवलंत असं समजा. बोला, आई."

सासूबाईंनी गॅस बंद केला, पदराला हात पुसले, समोर येऊन बसल्या.

"बोलते. पण आधीच सांगून ठेवते, नुसती मान हलवायची नाही."

समुपदेशिकेनं मान हलवली.